डोक्यावरची मोटर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

...दूध गॅसवर होतं, मी ओटा पुसत होते आणि हे आरशासमोर दाढी करत होते. एका गालावर साबण तसाच. मध्येच हात थांबवून छताकडे बघत म्हणाले, "ऐकलंस? घसा खाकरला तिनं." मी म्हटलं, "कुणी?" उत्तर न देता हे साबणासकट दार उघडून वर गेले, गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत. मीही हातातलं फडकं घेऊन मागोमाग. का गेले कोण जाणे. यांनी कुठल्याशा चाकाला तेल दिलं, कान लावला, मान हलवली. आम्ही खाली आलो तोवर दूध उतू जाऊन गॅस विझला होता. "गेलं सगळं दूध," मी म्हटलं. "लिफ्ट वाचली ना," असं म्हणून हे उरलेल्या गालाची दाढी करायला बसले.

एवढीच गोष्ट. त्या दिवशी दुसरं काहीही घडलं नव्हतं. पण आज सकाळपासून तीच डोक्यात फिरते आहे, कारण आज आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली.

आम्ही राहतो सातव्या मजल्यावर, सगळ्यात वर. आमच्या छताच्या बरोबर वर लिफ्टच्या मोटरची खोली आहे. दिवसभर डोक्यावर घरघर, म्हणून हे घर कुणालाच नको होतं. हे लिफ्टचे मेकॅनिक. घर बघायला आलो तेव्हा यांनी खिडकी बघितली नाही, नळ उघडला नाही, नुसते मधल्या खोलीत उभे राहून वर कान लावून ऐकत राहिले. "इथेच राहू. झोपेतसुद्धा कळेल, बाई बरी आहे की नाही." मी म्हटलं, म्हणजे सवत डोक्यावरच आणून बसवली की! पुढे ती सवत माझ्याही सवयीची झाली. आधी 'टक्' व्हायचं, मग घरघर, आणि थांबताना कुणीतरी मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज.

हे जाऊन दीड वर्ष होऊन गेलं. माणूस गेला तरी आवाज होता. खालून कुणी आलं, वरून कुणी गेलं, की घरात यांचं काहीतरी चालू आहे असं वाटायचं. आज घर इतकं गप्प आहे की घड्याळाचासुद्धा राग येतो.

मुलाचा फोन आला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. "आई, त्या गुडघ्यांनी सात मजले चढणार आहेस? इकडे ये."

"दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तुझे दोन-चार दिवस मला माहितेत. माझ्याकडे दोन-चार दिवस म्हणून येतेस आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरायला लागतेस."

मी म्हटलं, बघू.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मेकॅनिक आली. आली म्हणजे मुलगी आहे, यांची शेवटची शागीर्द. कामाला लागली तेव्हा कुणी तिला हाताखाली घ्यायला तयार नव्हतं. हे म्हणाले, मी तिचे हात बघितले, घाई करत नाहीत. आणि घेऊन आले. आता तिच्या हाताखाली दोन पुरुष काम करतात आणि ते तिला 'मॅडम' म्हणतात. तिला त्याचं हसू येतं.

दुपारी वरून उतरली ती कोपरापर्यंत काळी होऊन. हात धुवायला माझ्याकडेच आली. आधी हाताला गोडं तेल चोळलं, मग साबण, मग ब्रश. अगदी यांच्यासारखं. मी टॉवेल घेऊन उभी होते, तिच्या हातांकडेच बघत होते. द्यायचा विसरले. तिनं माझ्या हातातून तो हळूच घेतला.

म्हणाली, "काकू, कंपनीचं म्हणणं आहे ही काढून नवीनच बसवावी. हिचे पार्ट आता मिळत नाहीत. मुख्य चाक झिजलंय, त्यावरून दोर सरकतो. इमारतीच्या फंडात तरतूद आहे, तिकडून अडचण नाही."

"मग नवीन मोटर वर बसवणार?"

"नवीनला वरची खोली लागतच नाही. छोटीशी मोटर असते, आतच बसते. आवाज होत नाही."

"आवाजच नाही?"

"नाही काकू."

मी चहा टाकला. ती अचानक विचारते, "काकू, झोप लागते ना रात्री?"

हा काय प्रश्न! पण मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "खरं सांगू? दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शांतता कानात वाजते गं."

ती टॉवेलनं हात पुसत होती, तिथेच थांबली. वर छताकडे बघितलं. मग म्हणाली, "होईल दुरुस्त. बघते मी. पुढच्या आठवड्यात सुरू करते."

काय जिद्दीची मुलगी! कंपनी म्हणते टाकून द्या, ही म्हणते दुरुस्त करते. उस्तादावर माया असावी तर अशी. तिच्या आईनं तिला काय खाऊ घालून वाढवलं ते विचारलं पाहिजे.

रविवार, ९ फेब्रुवारी

भाजी आणि ब्रेड आणायला पहिल्यांदाच खाली उतरले. उतरायला काही नाही, चढताना मात्र चौथ्या मजल्यावर जीव नाकाशी आला.

चौथ्यावर एक गृहस्थ राहतात, शाळेत चित्रकला शिकवायचे. इतकी वर्षं लिफ्टमध्ये भेटले, पण 'हं' च्या पलीकडे शब्द नाही. "आज उकडतंय नाही?" "हं." "तुमची बहीण आली होती वाटतं?" "हं." आम्ही दोघं घरात त्यांना 'हुंकार' म्हणायचो. हे त्यांची नक्कल इतकी छान करायचे की मला चहाचा ठसका लागायचा.

आज मी त्यांच्या दारासमोर कठडा धरून धापा टाकत उभी होते. दार किलकिलं झालं, त्यांनी बघितलं, "हं" म्हणाले आणि दार लावलं. माणसानं किती कोरडं असावं!

संध्याकाळी कचरा टाकायला उतरले तर त्यांच्या दाराबाहेर एक स्टूल. जिन्यात सामान ठेवायला बंदी आहे हे सेक्रेटरी दर मीटिंगमध्ये ओरडून सांगतो आणि शिकले-सवरलेले लोक स्टुलं बाहेर टाकतात. पण होतं म्हणून येताना बसले जरा त्यावर.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

स्टुलावर आता उशी आली आहे. नक्की त्यांना स्वतःलाच बाहेर हवेशीर बसायचं असणार. मी उठले की बसत असतील.

आज मात्र जे बघितलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिसऱ्या मजल्यावर शिंपीण राहते. तिची म्हातारी आई जाडजूड आहे, आणि आठवड्यातून तीनदा तिला उपचारांसाठी दवाखान्यात न्यावंच लागतं. चुकवून चालत नाही. लिफ्ट होती तोवर कुणाला पत्ताही नव्हता. आता तिला खुर्चीत बसवून उचलून नेतात. शिंपिणीनं जाड कापडाचे पट्टे शिवले आहेत, एक छातीभोवती, एक पायांशी, आणि खुर्चीच्या चारी पायांना धरायला कान. टीप अशी घातली आहे की हत्ती बसवला तरी उसवणार नाही. उचलणाऱ्यांच्या तळहाताला लागू नये म्हणून आत कापूस भरलाय. कुणी सांगितलं होतं तिला? कुणी नाही. तिनं पहिल्या दिवशी उचलणाऱ्यांचे लाल झालेले हात बघितले आणि रात्रीतून शिवून काढलं.

पुढे इमारतीचा सेक्रेटरी, त्याच्या शेजारी शिंपिणीचा नवरा, मागे दुसऱ्या मजल्यावरचा बँकवाला आणि, मी डोळे चोळून बघितलं, हुंकार! सेक्रेटरी सारखा ओरडत होता, "सावकाश! वळण आलं! मागचे, झोपलात काय?"

म्हातारी म्हणाली, "बाबा रे, चौघांनी उचलायची वेळ येते तेव्हा माणूस बोलत नसतं. मी बोलतेय, तेवढ्यावर समाधान माना."

"आजी, हसवू नका, हात सुटेल!" बँकवाला म्हणाला.

"मग रडू का? रडले तर वजन वाढेल."

हुंकारसुद्धा हसले. त्यांना दात आहेत हे मला आज कळलं.

या चौघांमध्ये पार्किंगवरून गेली कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. मी जिन्यात भिंतीला चिकटून उभी राहिले आणि त्यांना वाट दिली.

सेक्रेटरीला म्हटलं, "तुम्ही तळमजल्यावर राहता, तुमच्याच पुढच्या खोलीत आजींची सोय केली काही दिवस तर?"

"काकू, माझ्या मनात होतंच. पण ती मुलगी म्हणते पुढच्या आठवड्यात लिफ्ट सुरू. चार दिवसांसाठी म्हातारीचं बिऱ्हाड कुठे हलवायचं?"

तेही खरंच.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पुढचा आठवडा आला आणि गेला. मुलीनं मोठं चाक काढून कारखान्यात नेलं आहे. त्याच्या खाचा नव्यानं कापून आणणार. गच्चीपासून खालपर्यंत तिनं आणि तिच्या दोन माणसांनी ते दोरानं बांधून पायरी पायरीनं उतरवलं. पुरुष टेकायचे तेव्हा ही टेकत नव्हती. मी लिंबाचं सरबत घेऊन मागे मागे फिरत होते. "काकू, तुम्ही आधी बसा," म्हणाली. आणि पुन्हा तेच, "झोप?"

"तुला माझ्या झोपेचं काय पडलंय? नाही लागत. जेव आधी."

नीट जेवलीसुद्धा नाही. हातांनी घाई न करणारी मुलगी, पण डोळ्यांत मात्र घाई दिसते.

मी हल्ली पिशवीत पुस्तक टाकूनच उतरते. स्टुलावर बसून चार पानं होतात आणि गुडघ्यांनाही बरं वाटतं. मला शाळा फारशी नाही. वाचायला शिकले ती यांच्या पाट्यांवरून. हे कामाच्या पाट्या रंगवायला घरी आणायचे. 'काम चालू आहे.' 'हात घालू नये.' 'वजन जास्त झाल्यास एकाने उतरावे.' स्वयंपाक करता करता मी त्या वाचायची. नंतर वर्तमानपत्र, नंतर जुन्या पुस्तकांच्या दुकानातून जे मिळेल ते. सध्या एका जहाजाच्या प्रवासाची जाडजूड कादंबरी चालली आहे. तिची पहिली पानं फाटली आहेत, त्यामुळे ही माणसं जहाजावर चढलीच कशाला ते कळत नाही, पण आता चढली आहेत तर पोचेपर्यंत सोडवत नाही.

मला ओठ हलवत, हळू आवाजात वाचायची सवय आहे. आज वाचता वाचता थांबले, पुस्तक मिटलं, तर मागून आवाज आला, "पुढे?"

दार अर्धं उघडं. आत खुर्चीत हुंकार बसलेले. हातात पेन्सिल.

मी म्हटलं, "पुढे काय?"

"त्या स्वयंपाक्याचं काय झालं? वादळात?"

इतक्या वर्षांतलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं. मी म्हटलं, "ते उद्या कळेल. मलाही अजून माहीत नाही."

"हं," म्हणाले. पण हा 'हं' निराळा होता.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज चाचणी होती. चाक आलं, बसलं. दोरही कुठूनतरी पैदा केले. तिनं सेक्रेटरीला लिफ्टपासून लांब उभं केलं. यांचा एक नियम होता, ज्यानं जोडली त्यानंच पहिलं बसायचं, एकट्यानं. ती म्हणाली, "उस्तादांचा नियम आहे, आधी मी." आणि आत जाऊन दार ओढलं.

मी घरात खुर्ची ओढून मधल्या खोलीत बसले. टक् झालं. मग घरघर. माझे डोळे आपोआप मिटले. किती दिवसांनी! असं वाटलं आता हे अंघोळीहून बाहेर येऊन टॉवेल कुठेय म्हणून ओरडतील.

आणि मग थांबायच्या वेळी तो श्वास आला नाही. त्याऐवजी एक बारीक, लांब आवाज आला, ओल्या बोटानं काच घासावी तसा. मी ताडकन उभी राहिले.

तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता, पण ओळखला. एकदा हे खूप उशिरा घरी आले होते आणि जेवले नव्हते. एका इमारतीतली लिफ्ट त्यांनी त्या दिवशी कायमची बंद केली होती, मालक हातापाया पडत असताना. मी विचारलं, असं काय झालं होतं तिला? म्हणाले, "वरचं चाक रडत होतं. बारीक आवाजात. चाक रडायला लागलं ना, की त्याला आणखी राबवू नये. मग तुमचं कितीही प्रेम असो." आणि ताट सरकवलं. यांचं प्रेम होतं त्या लिफ्टवर. पहिलीच नोकरी त्या इमारतीतली.

लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली, पण वीतभर वर जाऊन. मुलगी वाकून उतरली. चेहरा पांढरा पडला होता. मला बघून हसायचा प्रयत्न केला.

"थोडी ॲडजस्टमेंट राहिलीय काकू. पुढच्या आठवड्यात."

मला वाटलं, यंत्राचं मला काय कळतं. तिला चहा दिला, ती न पिताच वर गेली.

रात्री मुलाचा फोन. "आई, बस झालं आता. शनिवारी गाडी घेऊन येतो."

"शनिवारी मला वाचायचंय."

"काय?"

"खाली लोक वाट बघतात," म्हटलं. कारण आता दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्याची बायकोसुद्धा जिन्यात येऊन बसते, भाजी निवडत. मुलगा म्हणाला, "आई, तू बरी आहेस ना?" यांचाच मुलगा, यांच्यासारखा. सरळ विचारणार नाही काही.

शनिवार, १ मार्च

आज वाईट झालं. थोडक्यात निभावलं, पण वाईटच.

आजींना दवाखान्यात नेताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सेक्रेटरीचा पाय घसरला. खुर्ची पुढे कलली. बँकवाला ओरडला. हुंकारांनी मागून कान सोडला नाही, स्वतः पायरीवर आदळले, गुडघा फुटला, पण हात सोडला नाही. शिंपिणीच्या पट्ट्यानं आजींना धरून ठेवलं, नाहीतर काय झालं असतं ते मनात आणवत नाही. हाताला खरचटलं, तेवढंच.

पण आजी घाबरल्या. जिन्यातच खुर्चीत बसून राहिल्या. कुणी विनोद केला नाही. मग त्याच म्हणाल्या, "मला वर घरी न्या."

शिंपीण म्हणाली, "आई, उपचार चुकवून चालत नाही, डॉक्टरांनी किती वेळा सांगितलंय."

"माझ्यापायी हे मास्तर पडले. उद्या दुसरं कुणी पडेल. मला नाही जायचं. लिफ्ट सुरू होईल तेव्हा बघू."

"आई!"

"तू मला पट्ट्यानं बांधलंस, आता माझं तोंड बांधणार आहेस का? नाही म्हणजे नाही."

चौघांनी त्यांना परत वर आणलं. मी हुंकारांच्या गुडघ्याला हळद लावायला गेले. घरभर कागद पसरलेले. सगळ्यांवर जहाजं. एका जहाजावर स्वयंपाकी उभा होता, त्याच्या हातात पळी. मी बघते आहे हे बघून त्यांनी कागद उलटा केला. "हं," म्हणाले.

शिंपीण जिन्यात पायरीवर बसून रडत होती. ती रडताना मी पहिल्यांदा बघितली. तिच्या शेजारी बसले. म्हणाली, "काकू, दोन वेळा चुकलं तर अंगावर सूज चढते. तीन वेळा चुकलं तर..."

सोमवार, ३ मार्च

आजही आजी गेल्या नाहीत. पाय सुजायला लागले आहेत.

सेक्रेटरी जिन्यात भेटला. मी जरा तडकूनच विचारलं, "कंपनी नवीन लिफ्ट देते म्हणते ना, मग अडलंय कुठे?"

"माझ्याकडून काही अडलं नाही काकू! मी पहिल्याच दिवशी हो म्हटलं होतं. कंपनीची माणसं यायला तयार. ती मुलगीच म्हणाली, मला प्रयत्न करू द्या, दुरुस्त होईल. काकांची शागीर्द म्हणून मी नाही कसं म्हणणार?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी जिना चढायला सुरुवात केली. स्टुलावरसुद्धा बसले नाही. घरही ओलांडलं आणि थेट गच्चीवर गेले. मोटरच्या खोलीत यांच्यानंतर आज पहिल्यांदा पाऊल टाकलं.

मुलगी चाकासमोर जमिनीवर बसली होती. हातात पाना, पण काम करत नव्हती.

"काकू! तुम्ही कशाला आलात वर? बसा, बसा इथे."

"तुझं काय चाललंय ते बघायला आले."

"एक बेअरिंग मिळतंय, एका जुन्या इमारतीत. ते बसवलं की पुढच्या आठवड्यात..."

"पुढचा आठवडा राहू दे. गेल्या सोमवारी मी आवाज ऐकला."

तिनं पाना दुसऱ्या हातात घेतला.

"तूही ऐकलास. आत बसली होतीस."

"हो."

"चाक रडायला लागलं की काय करायचं, ते यांनी तुला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात. पण काकू..."

"पण नाही नि बिण नाही," मी म्हटलं. "मला कळतं गं सगळं. उस्तादांनी जपलेलं यंत्र, तुझ्या हातानं काढवत नाही. तुझा जीव अडकलाय त्यात. पण हे इथे नाहीत. मी त्यांच्या उशाशी बसलेली होते, मला ठाऊक आहे ते कसे गेले. तू त्यांना या खोलीत शोधत बसू नकोस. खाली एक बाई सुजून चालली आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. काळ्या हातानंच डोळे पुसले, गालावर काळी रेघ उमटली.

"आणि तुमची झोप, काकू?"

"माझ्या झोपेचं काय मधेच? म्हातारपणी झोप कुणाला येते? विषय बदलू नकोस."

"नाही बदलत." तिनं पाना खाली ठेवला, फडक्यानं चाक पुसलं. उगाचच, आता पुसून काय उपयोग! मग म्हणाली, "बरं काकू. काढते."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरीचा जीव त्या यंत्रात गुंतला होता, कुणीतरी मोठ्या माणसानं सोडवायला हवाच होता. बरं झालं मी गेले. यांनीही हेच केलं असतं. उतरताना आपलंच दार ओलांडून सहाव्यापर्यंत गेले, चढण जास्त झाली असणार.

शुक्रवार, ७ मार्च

चार दिवस लिहायला वेळ झाला नाही.

मंगळवारी मुलीनं सेक्रेटरीला स्वच्छ सांगितलं, ही दुरुस्त होणार नाही, नवीन बसायला दीड महिना तरी लागेल. एकदा 'पुढचा आठवडा' संपला तसं सगळं भराभर झालं. तासाभरात सेक्रेटरीनं आपली पुढची खोली रिकामी केली. आजींना शेवटचं एकदा उतरवलं, या वेळी पुढे मेकॅनिक मुलगी आणि तिची माणसं होती. त्यांनी खुर्चीला दोर लावला, एक टोक वरच्या कठड्याला गुंडाळून धरलं, आणि आजी जिन्यावरून अशा उतरल्या जशी लिफ्टच उतरते आहे. शिंपिणीच्या पट्ट्यांकडे बघून मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही आमच्या कंपनीत या." शिंपीण लाजली.

आजी दवाखान्यात जाऊन आल्या. सूज उतरते आहे. जीभ तर पहिल्यासारखी चालायला लागली आहे. सेक्रेटरी म्हणतो, "काकू, दीड महिना मी हिच्या तोंडाखाली काढायचा?" आतून आवाज आला, "तळमजल्यावर राहून वरच्यांना ओरडत होतास ना? आता बस!"

मुलाला फोनवर सगळं सांगितलं.

"म्हणजे अजून दीड महिना जिना! आई, आता तरी ये."

"जिना आहे म्हणूनच तर. मी नाही आले तर जहाज कुठे पोचलं ते या लोकांना कोण सांगणार?"

"मग मी येतो रविवारी," तो म्हणाला. "चालत चढून. कुठल्या मजल्यावर असतेस तू दुपारी?"

"चौथ्या."

बुधवारी संध्याकाळी मुलगी हात धुवायला आली. आधी तेल, मग साबण, मग ब्रश. म्हणाली, "काकू, लिफ्ट अजून वर सातव्यावरच उभी आहे. उद्या सकाळी ती मोकळीच, हळूहळू खाली नेऊन बसवते. एकदाच चालेल. मग मेन स्विच काढायचा. आमच्यात ज्यानं सांभाळली त्यानं स्विच काढायचा असतो. उस्ताद नाहीत. तुम्ही काढाल?"

मी म्हटलं, "मी कधी सांभाळली? मी तर तिला सवत म्हणायची."

"रोज ऐकत होतात ना."

"गुडघे कसे आहेत ते बघून सांगते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटा पुसला, दूध गॅसवर ठेवलं आणि मधल्या खोलीत खुर्ची ओढून बसले. टक् झालं. मग घरघर, थेट खालपर्यंत. ती थांबली तेव्हा दूध उतू गेलं होतं. ते पुसून काढलं, फडकं हातात घेऊनच वर गेले आणि स्विच खाली ओढला. मग पुस्तक घेऊन चौथ्या मजल्यावर उतरले, स्टुलावर बसले आणि पुढचं प्रकरण मोठ्यानं वाचलं.